रामप्रवेशचं दुसरं अपेंडिक्स

सिंधुबाईच्या चाळीत आजारी पडायला परवानगी नव्हती. खोली देतानाच ती भाडेकरूला बजावायची, "पत्ते खेळा, गाणी लावा, मला काय करायचं नाय. पण आजारी पडायचं असंल तर आधी खोली खाली करायची."

यात तिचं कुणाशी वैर नव्हतं. शेजारच्या चाळीत ओडिशाचा एक पोरगा काविळीनं गेला होता, आणि त्या खोलीत पुढं कितीतरी महिने कुणी राहायला येईना. आतून उडिया भाषेत रडल्याचा आवाज येतो, असं लोक सांगायचे. सांगणाऱ्यांपैकी एकालाही उडिया येत नव्हती, पण भुताची भाषा मात्र सगळ्यांनी बरोबर ओळखली होती.

सिन्नरच्या एमआयडीसीला लागून सिंधुबाईचं थोडं रान उरलं होतं. त्यात कांदा लावून तोंडाला फेस येण्यापेक्षा पत्र्याच्या खोल्या बांधलेल्या बऱ्या, हा हिशोब तिनं नवऱ्याला न विचारताच केला होता. नवरा पुंजा पूर्वी सिन्नर-नाशिक वडापची जीप चालवायचा. आता जीप अंगणात उभी असायची आणि पुंजा तिच्या सावलीत बाजेवर. खोल्यांत बिहार, झारखंड, हिंगोली, जिथून जिथून माणूस पोटासाठी निघतो तिथला माणूस भरलेला.

त्यातला रामप्रवेश झारखंडचा. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत लोडिंगला होता. सिंधुबाई त्याला 'गृहप्रवेश' म्हणायची. चार वर्षांत त्यानं हे नाव दुरुस्त केलं नव्हतं. भाडं द्यायचा, मान खाली घालून नळावर जायचा, मान खाली घालून यायचा. एवढा गरीब भाडेकरू म्हणजे देवाचा प्रसाद, असं ती लोकांना सांगायची.

हा प्रसाद होळीच्या चार दिवस आधी सकाळी नळाजवळ वेटोळं करून पडलेला सापडला.

"काय रे गृहप्रवेश, इथं का निजला?"

"मौसी, पोट," तो म्हणाला, आणि बादलीत ओकला.

बादली सिंधुबाईची होती. तिनं आधी बादलीला शिव्या घातल्या, मग त्याला ओवा खायला घातला. मग हिंग लावला बेंबीला. मग कुणाची तरी दृष्ट लागली म्हणून मीठमोहरी ओवाळली. दृष्ट लागावी असं त्याच्याकडं काय होतं, हा प्रश्न पुंजाच्या तोंडावर आला होता, पण त्यानं तो गिळला. दुपार होईतो रामप्रवेशचं अंग तापलं. दुखणं बेंबीपाशी होतं ते उजवीकडं खाली सरकलं. पाय सरळ करायला गेला की त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

त्याचा खोलीतला जोडीदार जगेसर शेजारी उकिडवा बसला होता. जगेसरला भरघोस मिशा होत्या आणि बोलायची हौस होती. "मौसी, इसको कुछ हो गया तो?"

या प्रश्नानं सिंधुबाई हलली. रिकाम्या खोलीतून झारखंडी भाषेत रडण्याचा आवाज तिला आत्ताच ऐकू यायला लागला.

तिनं ठेकेदाराला फोन लावला. ठेकेदार म्हणाला, "आज तो ड्यूटीवर नव्हता ना? मग आमचा काय संबंध?"

"दर महिन्याला विम्याचे म्हणून पगारातनं कापता ते?"

"त्याचा नंबर अजून यायचाय."

"चार वर्षं झाली रे! बाळंतपण तरी नऊ महिन्यांत होतं," सिंधुबाई म्हणाली, पण तोवर त्यानं फोन ठेवला होता.

"अहो, काढा जीप," तिनं नवऱ्याला फर्मावलं.

गल्लीतल्या डॉक्टरनं रामप्रवेशचं पोट एका जागी दाबलं आणि झटकन सोडलं. रामप्रवेशनं जो आवाज काढला, तो ऐकून बाहेर बसलेले दोन पेशंट घरी गेले. "अपेंडिक्स आहे," डॉक्टर म्हणाला. "आजच्या आज कापावं लागेल. फुटलं तर जिवाशी खेळ. सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड आहे ना याच्याकडं? मग हायवेवरच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या. कार्डावर फुकट होतं, हॉस्पिटलचे पैसे सरकार भरतं. झारखंडचं कार्ड इथंही चालतं."

कार्ड होतं. ते रामप्रवेशनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, त्या पिशवीला रबर लावून ठेवलेलं होतं. जगेसर मागं रामप्रवेशचं डोकं मांडीवर घेऊन बसला. पुंजानं जीप काढली ती दुसऱ्या गिअरमध्ये, आणि खड्डा दिसला की तो आधी थांबायचा, खड्ड्याकडं बघायचा, मग त्यातून न्यायचा. प्रत्येक खड्ड्याला रामप्रवेश त्याच्या कुठल्याशा देवीचं नाव घ्यायचा आणि सिंधुबाई पुंजाच्या आईचं.

हॉस्पिटल मोठं झकपक होतं. दारात काच, आत गारवा, आणि काउंटरवर 'योजना मदत कक्ष' अशी पाटी. पाटीखाली राकेश नावाचा एक पोरसवदा कारकून बसलेला. नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता, त्यामुळं तो अजून लोकांशी नीट बोलत होता. त्यानं कार्ड घेतलं, रामप्रवेशचा अंगठा मशिनवर टेकवला आणि स्क्रीनकडं बघत भुवया वर केल्या.

"काकू, काहीतरी गोंधळ आहे. पेशंटला काय होतंय म्हणालात?"

"अपेंडिक्स."

"ते काढलेलंय."

"कुणी काढलं?"

"आम्हीच. याच हॉस्पिटलात. मागच्या श्रावणात."

सिंधुबाईनं रामप्रवेशकडं बघितलं. तो स्टीलच्या बाकड्यावर आडवा होऊन दात खात होता. "काय रे, तुझं आधी एकदा काढलेलं हे?"

"नाही, मौसी."

"तो नाही म्हणतो."

"पण कम्प्युटरला आहे ना, काकू. एका माणसाला एकच अपेंडिक्स असतं. दुसऱ्यांदा मंजुरीच मिळणार नाही."

"मग हे काय नवीन फुटलं का त्याला? अपेंडिक्स हे का गाजरगवत हे?" सिंधुबाईचा आवाज आता ओपीडीच्या टोकापर्यंत गेला. तिनं वाकून रामप्रवेशचा शर्ट वर केला. "ये इकडं. बघ. कुठं हे टाका? सरडा चावल्याची खूण नाय त्याच्या पोटावर. बिन कापता काढलं का तुम्ही? तोंडातनं ओढून?"

शुगर तपासायला आलेली सगळी मंडळी उठून पोट बघायला आली. खरंच टाका नव्हता. एका म्हाताऱ्यानं चष्मा लावून खात्री केली.

आणि तेवढ्यात सिंधुबाईला श्रावण आठवला.

श्रावणात याच हॉस्पिटलनं आरोग्य शिबिर घेतलं होतं. तिच्याच अंगणात. पांढरे कोट घातलेली पोरं आली होती, मांडव घातला होता, रक्तदाब बघितला होता, प्रत्येकाचं कार्ड घेऊन मशिनवर अंगठे घेतले होते, फोटो काढले होते आणि जाताना एकेक केळं दिलं होतं. भाडेकरू यायला तयार नव्हते. त्यांना खोल्याखोल्यांतून हाकून काढलं होतं ते सिंधुबाईनं. "या रे, फुकट हे, मरू नका लाजून!" आणि जागा दिली म्हणून तिला मिक्सर मिळाला होता. त्या मिक्सरमध्ये आज सकाळीच तिनं शेंगदाण्याचा कूट केला होता.

तिनं रामप्रवेशचा शर्ट मुकाट्यानं खाली केला. हे इतकं दुर्मिळ होतं की पुंजानं मान वळवून बघितलं.

मग ती जगेसरकडं वळली. "तुझंपण कार्ड दे. ए भाऊ, याचं बघ. याचं काय काय काढलंय तुम्ही?"

राकेशला तेव्हा कुणीतरी थांबवायला हवं होतं. पण तो नवीन होता आणि सांगितलेलं काम करायची सवय अजून गेली नव्हती. त्यानं कार्ड घेतलं, अंगठा घेतला आणि मोठ्यानं वाचलं, "जगेसर... वय एकेचाळीस... स्त्री..." तो अडखळला. "शस्त्रक्रिया, गर्भाशय काढणे."

सगळ्यांनी जगेसरच्या मिशांकडं बघितलं.

"क्या निकाला?" जगेसरनं विचारलं.

पुंजानं आयुष्यात फार कमी वेळा तोंड उघडलं होतं. आता उघडलं. "पोरं ठेवायची जागा," तो म्हणाला. "तुझी काढली."

हसण्याचा असा काही लोट उठला की वरच्या मजल्यावरून नर्सेस जिन्यात आल्या. सिंधुबाईपण हसली, डोळ्यांतून पाणी येईतो हसली, आणि मग बाकड्यावरून कण्हण्याचा आवाज आला तेव्हा तिचं हसू जागच्या जागी आटलं. पोरगा मरू राह्यला आणि आपण खिदळू राह्यलोय.

मॅनेजर किशोरसाहेब लगबगीनं खाली आले. त्यांनी आधी राकेशचा स्क्रीन बंद केला, मग दोन्ही हात जोडले, मग सगळ्यांना केबिनमध्ये नेलं. रामप्रवेशलाही चाकाच्या खुर्चीत घालून आत घेतलं, कारण बाहेर ठेवला असता तर लोकांनी त्याचं पोट बघायला रांग लावली असती. चहा मागवला.

"ताई, टायपिंगची चूक असते कधी कधी," साहेब म्हणाले.

"साहेब, चूक 'क'च्या जागी 'ख' पडली तर. तुम्ही बाप्याची पिशवी काढली."

"आपण मार्ग काढू. पेशंटला त्रास होतोय, ते महत्त्वाचं. आम्ही आत्ता ऑपरेशन करतो. एक पैसा घेत नाही. फक्त कार्डावर अपेंडिक्स दाखवता येणार नाही, तर आपण हर्निया दाखवू. तुमचं काम झालं, आमचंही झालं. बाहेर मात्र बोलायचं नाही."

सिंधुबाईनं आयुष्यभर भाजीवाल्यापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांशी घासाघीस केली होती. सौदा वाईट नव्हता. कार्डावर हर्निया लिहिला काय नि खरूज लिहिली काय, पोरगा वाचल्याशी मतलब. "मंजूर," ती म्हणाली. "पण जेवण याचं नि जगेसरचं. आणि जीपचं डिझेल."

"नको," खुर्चीतून आवाज आला.

सगळे वळले. रामप्रवेश पोटाशी गुडघे घेऊन बसला होता, चेहरा राखेसारखा झाला होता, पण मान वर होती. चार वर्षांत सिंधुबाईनं त्याची मान वर पहिल्यांदा बघितली.

"हर्निया नको लिहू, साहब."

"अरे बाबा, फक्त लिहायचं आहे. होणार काही नाही."

"होनार," रामप्रवेश म्हणाला. प्रत्येक शब्दाला तो श्वास घेत होता. "मी लोडिंगला. बोजा उचलतो. माझ्या बापाला झाला हर्निया. चाचाला झाला. माझ्या गावात सगळ्यांना होतो. मलाबी होनार. तवा मी कार्ड घेऊन येनार, तुमी बोलनार, हर्निया निकल गया." त्यानं डोळे मिटले. "आज अपेंडिक्सचं झालं, तसं. नको."

माणूस तापानं फणफणलेला, पण त्याच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती.

"बरं, मग पित्ताशयाचे खडे लिहू," साहेब म्हणाले.

"माझ्या माईला हाय."

"मूळव्याध?"

रामप्रवेशनं नुसता जगेसरकडं हात केला. जगेसर ओशाळून म्हणाला, "साहब, कंपनीत सगळ्यांना हाय. दिवसभर उभं राहतो, पानी कमी पितो. ते बिलकुल नको."

सिंधुबाईच्या मनात काय आलं कोण जाणे. पण एवढं खरं, की इतका वेळ ती सौद्यात साहेबांच्या बाजूला बसली होती आणि आता तिची खुर्ची आपोआप दुसऱ्या बाजूला सरकली. "गर्भाशय लिहा," ती म्हणाली.

"काय?"

"त्याचं गर्भाशय काढलं असं लिहा. ते त्याला जन्मात लागायचं नाय. नुकसान कुणाचंच नाय."

"ताई, पुरुषाला गर्भाशय कसं लिहिणार? वरून तपासणी असते!"

"याला लिहिलं तवा वरचे काय झोपले होते?"

साहेबांनी टाय सैल केला. ते काही बोलणार, तोच दार उघडून हिरव्या कपड्यातली एक डॉक्टरीण आत आली. डॉक्टर संजना. नाशिकच्या इंदिरानगरला राहायची, इथं सर्जन म्हणून दिवसभर असायची. हातात रक्ताचा रिपोर्ट होता; खाली तमाशा चालू असताना एका नर्सनं शहाणपणा करून रामप्रवेशचं रक्त घेऊन पाठवलं होतं.

"हा पेशंट चहा प्यायला बसवलाय का इथं?" तिनं विचारलं. गुडघ्यावर बसून तिनं त्याच्या पोटाला हात लावला आणि ताबडतोब उठली. "फुटायच्या बेतात आहे. थिएटर तयार करा."

"मॅडम, थोडा प्रशासकीय विषय आहे," साहेब म्हणाले. "नोंद हर्नियाची करायची का, हे ठरतंय."

"मी जे कापते तेच लिहिते, सर."

"अहो, पण त्याच्या कार्डावर..."

"कार्डावर मी ऑपरेशन करत नाही. पोटावर करते." तिनं मोबाईल काढला आणि रामप्रवेशच्या कोऱ्या करकरीत पोटाचा फोटो काढला. "आणि जुना टाका नाही, हेही लिहिणार आहे." मग रामप्रवेशकडं वाकून तिनं हिंदीत त्याला काय करणार ते सांगितलं. सही कुठं करायची ते दाखवलं. त्यानं सही करण्याआधी वर काय लिहिलंय ते जगेसरकडून वाचून घेतलं.

त्याला आत नेलं. सिंधुबाई बाहेरच्या बाकड्यावर बसली. पुंजा शेजारी येऊन बसला.

"मिक्सर परत करावा म्हणते," ती म्हणाली.

"कुणाला?"

हा प्रश्न बरोबर होता. शिबिरात तिचंही कार्ड घेतलं होतं, पुंजाचंही. मघाशी राकेशकडून तिनं हळूच बघून घेतलं होतं; त्यांच्या दोघांच्या कार्डांवर काही नव्हतं. का नव्हतं, ते कळायला शाळा शिकायची गरज नव्हती. गाववाला उद्या दारात येऊन गचांडी धरतो. झारखंडवाला होळीला गावी गेला की परत येईल न येईल. आला तरी दुसऱ्या कंपनीत, दुसऱ्या शहरात. त्याचं पोट कोण उघडून बघतंय? आणि गावची बाई हाक मारत असली की परगावचा माणूस विश्वासानं अंगठा टेकवतो. तिला वाटलं होतं मिक्सर मांडवाच्या जागेसाठी दिला. तो त्या हाकेसाठी दिला होता.

तिला थुंकावंसं वाटलं. पण फरशी फार चकचकीत होती.

रामप्रवेश वाचला. अपेंडिक्स काढलं तेव्हा ते फुटायला टेकलंच होतं, असं डॉक्टर संजना म्हणाली. हॉस्पिटलनं त्याच्याकडून काही घेतलं नाही आणि चौथ्या दिवशी घाईघाईनं घरी सोडलं. होळीची गाडी चुकली होती. चाळीतले बाकीचे गावी गेलेले. जगेसर दिवसभर कामावर. पत्र्याची खोली दुपारी तव्यासारखी तापायची. मग सिंधुबाईनं कपाळावर हात मारून त्याची गादी स्वतःच्या ओट्यावर टाकली, आणि पहिले आठ दिवस त्याला मऊ खिचडी घालताना त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो सगळी खिचडी खायचा आणि उद्धारही ऐकून घ्यायचा.

एक दिवस तो म्हणाला, "मौसी, माझं नाव रामप्रवेश."

"ठाऊक हे मला."

"हां. तर तेच बोलायचं."

सिंधुबाई आ वासून बघत राहिली. अपेंडिक्सबरोबर याची लाजपण काढून टाकली की काय, असं तिला वाटलं. पण त्या दिवसापासून तिनं गृहप्रवेश म्हणणं सोडलं.

दरम्यान किशोरसाहेबांनी एका माणसाबरोबर मिठाईचा पुडा पाठवला. पेशंटची चौकशी केली म्हणून सांगितलं. सिंधुबाईनं पुडा ठेवून घेतला, गल्लीतल्या पोरांत वाटला, आणि दुसऱ्या दिवशी रामप्रवेशला नि जगेसरला जीपमध्ये घालून योजनेच्या कचेरीत गेली. तक्रार रामप्रवेशनं सांगितली, तिनं फक्त मधेमधे शिव्या पुरवल्या. त्या लिहिणाऱ्यानं गाळल्या.

चौकशी येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण आली. एक अधिकारी आणि एक सरकारी डॉक्टर तिच्या अंगणात खुर्च्या टाकून बसले. तोवर माणसं गावाहून परतली होती. एकेकाचं नाव पुकारायचे, त्यानं पुढं यायचं, शर्ट वर करायचा, कार्डावर लिहिलेल्या जागी टाका आहे का ते डॉक्टरनं बघायचं. शेजारणी भिंतीवरून बघत होत्या. "बाई, काय ती पोटं!" असं त्यातली एक म्हणाली, कौतुकानं की कीव येऊन, ते कळलं नाही. कुणाचं पित्ताशय काढलेलं निघालं, कुणाचा मुतखडा. हिंगोलीच्या एका पोराच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले होते. तो विशीतला होता.

जगेसरची पाळी आली तेव्हा अधिकाऱ्यानं मान वर न करता विचारलं, "नियमाप्रमाणं विचारावं लागतं. तुम्हाला गर्भाशय होतं का?"

"साहब, होतं असतं तर घरी बसलो असतो," जगेसर म्हणाला. "हे काम बीबीला लावलं असतं."

"तुझ्या बीबीला विचारून बघ एकदा, घरी बसणं काय असतं ते," सिंधुबाईनं ठणकावलं, आणि भिंतीवरच्या शेजारणींनी तिला दाद दिली.

निकाल लागला. हॉस्पिटलचं नाव योजनेतून काढलं. किशोरसाहेब दुसरीकडं गेले, बहुतेक जास्त पगारावर. डॉक्टर संजनानं आपण होऊन राजीनामा दिला. तिच्याशी तिथं कुणी बोलेना. भाडेकरूंपैकी बऱ्याच जणांची कार्डं साफ झाली. जगेसरचं झालं नाही. त्याचं गर्भाशय परत करण्याआधी त्याला पुरुष करावं लागत होतं, आणि पुरुष करायचा अधिकार फक्त त्याच्या गावाकडच्या कचेरीला होता. तो आता रजा मिळाली की पुरुष व्हायला जाणार होता. ठेकेदारानं रामप्रवेशला कामावरून काढलं आणि दुसऱ्या ठेकेदारानं घेतलं, वजन न उचलण्याच्या कामाला, कमी पैशात. विम्याचा नंबर मात्र आधी घेऊन मगच तो कामाला लागला. नंबर मिळेतो रोज गेटवर जाऊन बसायचा.

आणि गाव सिंधुबाईवर उखडलं.

कारण हायवेचं हॉस्पिटल योजनेतून गेलं म्हणजे सगळ्यांसाठीच गेलं. आता कार्डावर काही करायचं तर थेट नाशिक. सगळ्यात जास्त भडकली लंकाबाई. ती गल्लीच्या टोकाला राहायची, आणि तिचे दोन्ही गुडघे त्या हॉस्पिटलात कार्डावर बदलायचे ठरले होते.

ती काठी टेकत ओट्यावर आली. "तुझ्या त्या बिहाऱ्याच्या आतड्यापायी माह्ये गुडघे गेले!"

"बिहारी नाय, झारखंडी," सिंधुबाई म्हणाली. "आणि आतडं नाय, अपेंडिक्स. शिव्या दे, पण नीट दे."

"तू भाडं खाती त्यांचं, तुला त्यांचाच पुळका. आमचा दवाखाना बंद पाडला परक्या लोकांसाठी!"

"अगं, त्यांचं चोरून खाणारा तुझ्या ताटातलं सोडणार होता का?"

"माह्ये गुडघे तर करणार होता ना!"

लंकाबाईचं दुखणं खोटं नव्हतं. जिना चढताना ती लहान मुलासारखी बसून बसून चढायची, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. भांडणात पहिल्यांदाच सिंधुबाईनं नजर खाली घातली.

ओट्याच्या कडेला रामप्रवेश बसला होता. दोघींचं सगळं ऐकून तो उठला. "चाची," तो लंकाबाईला म्हणाला, "सोमवारी मला सुट्टी. नाशिकला सरकारी हॉस्पिटलात जाऊ. कोनती खिडकी, कोनती लाइन, मला मालूम. मी उभा राहीन लाइनला. तुमी बसा."

लंकाबाईनं त्याला खालून वर न्याहाळलं. त्याच्याबरोबर जायचं म्हणजे गावात काय म्हणतील, हा विचार तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होता. पण गुडघे दुखत होते. लेक पुण्याला होता आणि तो फोनवर फक्त 'काळजी घे' म्हणायचा.

"एसटीत बसायला जागा धरशील?"

"धरीन."

"खिडकीची?"

"खिडकीची."

सोमवारी ते गेले. सिंधुबाईचा दिवसभर कामात जीव लागेना. तिनं उगाच नळाची तोटी बदलून घेतली, उगाच एका भाडेकरूला फैलावर घेतलं. उन्हं उतरल्यावर दोघं गल्लीत शिरताना दिसली. पुढं लंकाबाई, काठी आपटत, नाकाचा शेंडा लाल. मागं तिची पिशवी घेऊन रामप्रवेश.

"काय म्हणाले गं डॉक्टर?" सिंधुबाईनं ओट्यावरूनच विचारलं.

"मेल्याला काही कळत नाय," लंकाबाई म्हणाली.

"पण म्हणाला काय?"

लंकाबाईनं तोंड फिरवलं. सिंधुबाईनं रामप्रवेशकडं बघितलं. त्यानं पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

"मौसी, दोन डॉक्टरनी बघितलं. गुडघ्यांचा एक्स-रेबी नवीन काढला. बदलायची जरूरत नाही, बोलले. गुडघे चांगले हायेत. गोळ्या दिल्या, व्यायाम दिला." त्यानं लंकाबाईकडं बघितलं. "आनि वजन कमी करायला बोलले."

"असं म्हणाले?"

"हां. लय कमी."

"दोनदा विचारलं यानं!" लंकाबाई उसळली. "माह्यासमोर! 'कितना कम?' म्हणून विचारलं! तुला कुणी सांगितलं होतं रे विचारायला?"

"मालूम नको का पडायला, चाची? पूरा विचारून घ्यायचं. नायतर ते काहीबी लिहितात."

सिंधुबाईनं पदर तोंडाला लावला. लंकाबाईनं तिच्याकडं डोळे वटारून बघितलं, रामप्रवेशच्या हातातून पिशवी हिसकावली आणि दहा पावलं गेल्यावर पुन्हा वळली.

"पुढच्या सोमवारी व्यायाम शिकवायला बोलावलंय," ती त्याला म्हणाली. "लवकर तयार राहा. आणि जाताना खिडकी मिळाली तशी येताना नाय मिळाली, ते ध्यानात ठेव."